चपलेचा वायसर

आप्पा,

"नळ गळत नाय, तू बंद नीट करत नाय." हे तुम्ही मला पहिल्यांदा कधी म्हणालात ते आठवत नाही. शेवटचं कधी म्हणालात ते मात्र नीट आठवतं, आणि खरं सांगायचं तर त्या एका सकाळसाठीच आज लिहायला बसले आहे. मधली सगळी वर्षं ते वाक्य आपल्या मुलुंडच्या घरात रोजचंच होतं. मी शाळेच्या घाईत आंघोळ उरकून बाहेर यायची, केसांना पंचा गुंडाळलेला असायचा, आणि तुम्ही पेपर खाली न करता कान द्यायचात. बाथरूमच्या लादीवर टप्, मग जरा थांबून पुन्हा टप्. मी आपणहून मागे फिरते का, याची तुम्ही थोडी वाट बघायचात आणि मग ते वाक्य यायचं. आवाज चढवून नाही. तुम्ही आवाज कधी चढवलाच नाहीत, त्यामुळे तुमच्याशी कधी भांडताही आलं नाही. मी परत आत जायची, गरम पाण्याची ती पाकळ्यांची चावी दोन्ही हातांनी आवळायची, तळहातावर पाकळ्यांचे वळ उठेपर्यंत. टपटप थांबायची. "बघ," तुम्ही म्हणायचात, "थांबला की नाय?" अर्ध्या तासाने ती पुन्हा सुरू व्हायची तेव्हा मी शाळेत असायची, तुम्ही कारखान्यात, आणि ऐकायला घरी फक्त आई. आई कुणालाच काही म्हणायची नाही. ती खाली बादली सरकवायची आणि त्या पाण्याने दुपारची भांडी घासायची.

गेल्या रविवारी त्या नळाचा आतला पार्ट बदलला. मी बदलला, माझ्या हाताने. हे वाचून तुम्ही पहिल्यांदा काय म्हणाल ते मला माहीत आहे. "आटे बिघडवले नाहीस ना?" नाही बिघडवले.

तो शॉवर आपल्या घरात आला तेव्हा मी सहावीत असेन. तुम्ही कांजूरमार्गच्या पितळी नळांच्या कारखान्यात चेकर होतात. तयार झालेला नळ हवेच्या दाबाखाली पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडा आला तर माल बाद, नाही आला तर त्याच्या अंगावर, पुढे भिंतीशी झाकली जाईल अशा जागी, आपला ठसा मारायचा. प्रत्येक चेकरचा ठसा वेगळा. तुमचा गोलात त्रिकोण. एका वर्षी कंपनीने जुन्या माणसांना आपल्याच मालातला एकेक शॉवरचा सेट घरी न्यायला दिला. बाकीच्यांनी समोर आला तो उचलला. तुम्ही पास झालेल्या मालाच्या ढिगाऱ्यात बसून स्वतःचा ठसा असलेला शोधून काढलात, वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन आलात, आणि भिंतीत बसवतानाही गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिलात. आपल्या इमारतीत तोवर शॉवर कुणाकडे नव्हता. सगळे बादली-लोट्यावाले. तळमजल्याच्या काकूंपासून वरच्या मजल्यापर्यंत माणसं बघायला आली आणि आईने त्यांच्यासाठी चहा टाकला. बाथरूम बघायला आलेल्या पाहुण्यांना चहा देणारं आपलं एकच घर असावं. "ह्याच्यावर माझा ठसा आहे," तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात. "भिंत पडेल, पण हा गळणार नाय."

गळायला तो त्याच वर्षी लागला.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहील, आणि ती राहिली तर मी तुमच्यावर अन्याय केला असं होईल. खंडेनवमीला कारखान्यात बायकापोरांना आत सोडायचे. मशिनींना झेंडूच्या माळा, लेथवर हळदकुंकू, पेढ्यांचा आणि तेलाचा एकत्र वास. त्या दिवशी काम बंद असायचं, पण माझ्यासाठी तुम्ही टाकीत पाणी सोडलंत, हवेची नळी जोडलीत आणि एकेक नळ बुडवून दाखवलात. मी टाकीच्या काठावर हनुवटी टेकून बघत होते. एका नळाच्या मानेपाशी काहीतरी चमकलं, टाचणीच्या डोक्याएवढं. मी बोट दाखवलं. तुम्हाला दिसलं नव्हतं. तुम्ही वाकून बघितलंत, मग तुमच्या मित्रांना हाक मारलीत आणि म्हणालात, "बघा रे, पोरीला डोळा आहे." तो नळ पुसून तुम्ही माझ्या हातात दिलात, माझं बोट धरून त्या जागेवरून फिरवलंत. ओतताना पितळात हवा अडकली की असं छिद्र राहतं, ते टोकदार लागतं; झिजून पडलेला खड्डा पसरट लागतो. हे तुम्ही शिकवलंत. आणि मी नळाची चावी जोरात फिरवायला गेले तेव्हा हातावर हलकी चापट मारून म्हणालात, "पितळ मऊ असतं गो. त्याच्यावर जोर काढायचा नाय." आयुष्यात तुम्ही मला जे दिलंत त्यातलं सगळ्यात चांगलं त्या एका दुपारी दिलंत. म्हणून तर राग जात नाही.

आणखी एक आठवण, जिचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत मी माळ्यावर चढले होते, पत्त्यांचा कॅट शोधायला. तुमच्या हत्यारांच्या कॅनव्हासच्या पिशवीत एक हवाई चप्पल होती. एकच. वरून पांढरी, तळाला निळी, पट्टे काढून टाकलेली, आणि तिच्यात गोल गोल भोकं. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडाव्यात तशी. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, खुर्चीच्या पायांना चकत्या लावतो, लादीला चरे पडू नयेत म्हणून. आपल्या घरात तेव्हा दोनच खुर्च्या होत्या, लोखंडी, घडीच्या, आणि त्यांच्या पायांना काळी रबरं मुळातली होती. मला ते दिसलं होतं. डोळा असणं वेगळं आणि तुमच्यासमोर तोंड उघडणं वेगळं.

माझ्यासाठी मुलगाही तुम्हीच पारखून आणलात. तुमच्या कारखान्यात पॉलिशला होते त्या मित्राचा मुलगा, घाटकोपरला घर, बँकेत नोकरी. आईने एकदाच विचारलं की जरा बाहेरूनही चौकशी करायची का. तुम्ही म्हणालात, "मी त्याला लहानपणापासून बघतोय. चोख आहे." तुमच्या तोंडून तो शब्द मी तोवर फक्त मालाबद्दल ऐकला होता. मी हो म्हटलं. मला तुमच्या डोळ्यांवर भरवसा होता, हे लिहिताना आज हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही.

तो काय करायचा हे तेव्हा मला तुम्हाला नीट सांगता आलं नाही. आता सांगते. तो मारत नसे. बोलता बोलता मनगट धरायचा आणि मी माझं म्हणणं मागे घेईपर्यंत पिळायचा, सावकाश, चेहऱ्यावर थोडं हसू ठेवून. बाहेरच्या खोलीत त्याची आई मालिका बघत असायची, तुमचा मित्र पेपर वाचत असायचा. आवाज होत नसे. मी कुठली साडी नेसावी इथपासून माझा पगार कुठल्या खात्यात जावा इथपर्यंत कशावरूनही. सोडल्यावर म्हणायचा, "बघ, किती सोपं होतं."

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. त्या संध्याकाळी त्याने जरा जास्त पिळलं. मी एका पिशवीत दोन कपडे भरले आणि रिक्षा करून मुलुंडला आले. तुम्ही दार उघडलंत, पिशवीकडे बघितलंत, "जेवलीस का" विचारलंत. आईने खिचडी टाकली. मला डाव्या हाताने खाताना बघून ती काहीतरी बोलणार होती, पण तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. सकाळी मी आंघोळीला गेले. उजवा हात सुजून भिजवलेल्या कणकेसारखा झाला होता, बोटं मिटत नव्हती. डाव्या हाताने चावी फिरवली, जमेल तेवढी, आणि बाहेर आले. तुम्ही पेपरमागे होतात. टप्. मग टप्.

"नळ गळत नाय, तू बंद नीट करत नाय."

मी तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला. ज्या माणसाला पाण्यातला टाचणीएवढा बुडबुडा दिसतो त्याला हे सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. मनगटाभोवती बोटं उमटली होती, जांभळी, आणि आतल्या बाजूला अंगठा. तुम्ही पेपर खाली केलात. चष्मा वर सरकवलात. बघितलंत, आप्पा. टाकीत बघायचात तसंच, मान एका बाजूला करून. मी तुम्हाला बघताना बघत होते.

"कपडे पिळताना लचकला असेल," तुम्ही म्हणालात. "बाम लाव गो."

आई मला नाक्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी क्रेप बँडेज बांधलं, कसं झालं ते विचारलं, आणि माझ्याआधी आईच म्हणाली की मोरीत घसरली. परत आलो तेव्हा दुपार झाली होती. कधी रजा न घेणारे तुम्ही त्या दिवशी घरीच होतात, खिडकीशी बसून सुपारी कातरत. बाथरूममध्ये आवाज नव्हता. मी दारात उभी राहून खूप वेळ ऐकलं. नव्हताच. मला वाटलं, डाव्या हाताने का होईना, आज मी नळ नीट बंद केला. त्याही अवस्थेत मला त्याचं बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घाटकोपरला सोडायला आलात. पिशवी तुम्हीच घेतलीत, माझ्या हाताला ओझं नको म्हणून. तिथे बसून तुमच्या मित्राशी युनियनच्या गोष्टी केल्यात, चहा घेतलात, आणि निघताना जिन्यात मला हळूच म्हणालात, "मुलगा वाईट नाय. तुला बोलायची रीत नाय जरा. सांभाळून घे." मी मान हलवली. तुम्ही जिना उतरताना खांदे सैल पडलेले दिसले, काम उरकल्यासारखे.

तिथे आणखी काही वर्षं काढली. मग निघाले ती मुलुंडला आलेच नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर बोरिवलीला खोली घेतली, मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला. तुम्ही फोन करायचात, "जेवलीस का" विचारायचात, आणि मी "हो" म्हटलं की आईकडे फोन द्यायचात. त्या विषयावर एक शब्द नाही, शेवटपर्यंत. मग कारखाना बंद पडला, आणि नंतर वर्षभरात तुम्ही गेलात. तुम्हाला पोहोचवून माणसं परत आली, एकेकाने आंघोळ केली, पिठलंभात खाल्ला, पांगली. घर रिकामं झाल्यावर आतून आवाज यायला लागला. टप्, टप्. आईने माझ्याकडे बघितलं. मी उठले, आत गेले, आणि दोन्ही हातांनी आवळून आले.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. मी आईजवळच राहते. कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहिलाय, त्याच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव दाखवतात. आईच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात. नळ बंद करायला ती पदर चावीभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी लोंबकळते. आणि या दिवाळीनंतर तो नळ माझ्या हातालाही दाद देईना. आता टपटप राहिली नव्हती, धार होती, गिझरचं गरम पाणी, दिवसरात्र. लादीवर शेवाळ धरायला लागलं. एकदा आईचा पाय सरकला, दाराची कडी हाताला लागली म्हणून ती वाचली. तेव्हा मी प्लंबरला बोलावलं. त्याने चावी एकदा फिरवली, माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, ये तो म्युझियम का माल है. पार्ट नहीं मिलेगा. दीवार तोडके नया डालो." आई बाहेरून म्हणाली, "भिंत तोडायची नाय. तो ह्यांनी बसवलेला आहे." तो म्हणाला, "आजी, अंकल का फोटो लगाओ ना. नल काय को संभालते?" मी हसले. आई हसली नाही.

भिंत वाचवायची मला काही पडली नव्हती, हे तुम्हाला सांगून ठेवते. पण आई पुन्हा घसरायला नको होती, तिला भिंतही तोडायला नको होती. आणि मला आत बघायचं होतं. इतकी वर्षं ज्याच्यावरून बोलणी खाल्ली ते आतून दिसतं तरी कसं.

फोनवर दोन-तीन व्हिडिओ बघितले. आपल्या रांगेतल्या सगळ्या बाथरूमची लाइन गच्चीवरच्या एका व्हॉल्व्हवर आहे, तो बंद केला की तळापर्यंत सगळे कोरडे, म्हणून खाली सांगायला गेले. तळमजल्याच्या काकू आता काठी घेऊन चालतात, पण तोंड तसंच आहे. प्लंबर कधी येणार म्हणाल्या. मी म्हटलं, मीच करतेय. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मग मी दोन दिवसांचं भरूनच ठेवते." मी जायला वळले तर मागून म्हणाल्या, "तुझे आप्पा पण सुट्टीच्या दिवशी दुपारचे अशीच लाइन बंद करायचे. विचारलं की म्हणायचे, व्हॉल्व्हला तेल देतो. एवढं तेल तर मी भजी तळायला वापरत नव्हते." मी तेव्हा ते ऐकून सोडून दिलं.

माळ्यावरून तुमची पिशवी काढली. पाना तुम्ही पुसून ठेवला होतात, तेलाच्या फडक्यात, गंजाचा ठिपका नाही. त्याच्याखाली ती चप्पल होती. मला तिचं जुनं कोडं आठवलं, बाजूला ठेवली. चावीवरची लाल टिकली नखाने उचकटली, तिच्याखालचा स्क्रू काढला, चावी रुतून बसली होती ती रॉकेल नाही म्हणून व्हिनेगर घालून सोडवली. मग पाना. पार्ट हलेना. मला भीती होती की जोर काढला तर भिंतीतला भागच फुटेल. तुमचा आवाज ऐकू आला, कारखान्यातला, पेपरमागचा नव्हे: पितळ मऊ असतं गो. मी पान्याला फडकं गुंडाळलं, थोडा दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, असं करत राहिले. बऱ्याच वेळाने तो कण्हला आणि सैल झाला.

पार्टच्या टोकाला पाणी अडवणारा वायसर असतो, काळ्या रबराचा, दुकानात मिळतो तो. व्हिडिओत बघितला होता. माझ्या हातात आलेल्या पार्टला काळं काही नव्हतं. तिथे एक चकती होती, कडा ब्लेडने तासून गोल केलेली. वरून पांढरट. खाली निळी.

मी तिथेच ओल्या लादीवर बसले. मग चप्पल घेतली आणि ती चकती एका भोकात घालून बघितली. दाबून दाबून ती जरा आक्रसली होती, तरी बसली. दुसऱ्या भोकातही बसली. चपलेची टाच संपली होती, चवड्यापर्यंत भोकं गेली होती.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. जितकी भोकं तितक्या वेळा तुम्ही घरात कुणी नसताना गच्चीवर जाऊन लाइन बंद केलीत, काकूंना तेलाचं सांगितलंत, नळ खोललात, चकती कापलीत, बसवलीत, पाना पुसलात, सगळं माळ्यावर ठेवलंत. आणि चकती झिजली, पुन्हा थेंब पडायला लागला, की सकाळी पेपरमागून मला सांगितलंत की नळ गळत नाही. फोनची बॅटरी लावून मी आत बघितलं. बोट घातलं. पार्ट जिथे टेकतो त्या बैठकीच्या कडेला एक छिद्र आहे, बारीक, टोकदार. झिजेचं नाही, ओतलं तेव्हाचं. हे ओळखायला तुम्हीच शिकवलं होतंत. त्याच्या बाजूने गोल चर पडलाय, तो मात्र झिजेचा, आवळून आवळून पडलेला. तो माझ्या हातांचा आहे. तुम्ही सांगत होतात आणि मी आवळत होते आणि नळ आणखी बिघडत होता. भिंतीलगतची पितळी ताटली मागे सरकवली तर तुमचा ठसाही दिसला. गोलात त्रिकोण, अगदी स्पष्ट.

ठसा चुकला याचं मला काही नाही, आप्पा. दिवसभर पाण्यात बघून बघून एखादा बुडबुडा सुटतो. तुमच्या मित्राच्या मुलाबद्दलही मी तेच म्हणेन, माणूस पारखण्यात चूक होते, सगळ्यांची होते. पण चूक कळल्यावर तुम्ही काय केलंत? आणि त्या लादीवर बसून मला ती दुपार आठवली, बँडेज बांधून परत आलो ती, बाथरूममध्ये आवाज नव्हता ती. मी नीट बंद केला नव्हता. तुम्ही घरी राहून नवी चकती कापली होतीत. का? माझ्या सुजलेल्या हाताला जोर लागू नये म्हणून? की माझा हात बघितल्यानंतर तुम्हालाच ती टपटप ऐकवेना? लोक म्हणतात, बाप बोलून दाखवत नाही, करून दाखवतो. मी हे लग्नांत आणि तेराव्यांना खूप ऐकलंय. तुम्ही करूनही दाखवलं नाहीत. करून लपवलंत. नळ दुरुस्त केलात आणि दुसऱ्या दिवशी मला त्याच घरी पोहोचवून आलात, पिशवी उचलून. ती चकती माफी असेल तर मी ती घेत नाही. ती मला कुणी दिलेलीच नाही.

पार्ट घेऊन स्टेशनच्या पश्चिमेला हार्डवेअरच्या गल्लीत गेले. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेटने तो हातात फिरवला, चकती बघून "ही चप्पल आहे ना?" म्हणाला आणि आनंदाने नोकराला दाखवली. आटे जुळणारा नवा पार्ट त्याच्याकडे निघाला. खाली जाड रबरी कडं असलेला, ते छिद्र झाकेल असा. पाव फेऱ्यात बंद होणारा. "आवळायचं नाय ताई," तो दोनदा म्हणाला. "इथे सगळ्यांना सवय आहे आवळायची. पाणी गेलं तर परत येईल का, भरवसा नाय ना. म्हणून तर आमचं दुकान चालतं." चकती मी त्याच्याकडून आठवणीने परत घेतली.

बसवायला वेळ लागला नाही. आट्यांना पांढरी टेप गुंडाळली, आधी हाताने फिरवला, शेवटी पान्याचा हलका हात. गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. आईला बोलावलं. तिने सवयीने पदर चावीभोवती घेतला, फिरवला, आणि चावी लगेच अडली. पाणी बंद. तिने उघडून पुन्हा बंद केलं. "एवढंच?" म्हणाली. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काय झालं होतं गो त्याला?" चकती माझ्या गाऊनच्या खिशात होती. बोटांना तिची तासलेली कड लागत होती.

"काही नाही. जुना झाला होता."

"हे आपले म्हणायचे," आई म्हणाली, "पोर नीट बंद करत नाय." आणि हसली, तुमच्या आठवणीने, प्रेमाने. मी तिला चकती दाखवली नाही. तुम्हाला सांभाळून घेतलं असं समजू नका. चकती बघितली तर आई विचार करत बसेल की ह्यांना नळाचं माहीत होतं, मग हाताचंही माहीत असेल का. आणि तिथून पुढचा प्रश्न तिला स्वतःला विचारावा लागेल, कारण मोरीत घसरली असं डॉक्टरांना तिनेच सांगितलं होतं. या वयात तिला तो प्रश्न विचारायचं माझ्याने होत नाही. तुम्ही गेलात, म्हणून तुम्हाला विचारतेय.

एक कबूल करते. नळ आता एका बोटाने बंद होतो, तरी मी आंघोळ झाली की पाव फेऱ्यानंतर वरून जोर देते, वळ उठेपर्यंत. शेट म्हणाला होता तसा हाही लवकर जाईल. मग दारात थांबून कान देते. काही ऐकू येत नाही, तरी पाय निघत नाही.

हे कागद चकतीबरोबर तुमच्या पिशवीत घालून पिशवी माळ्यावर ठेवणार आहे. नळाबद्दल तुमच्याकडून काही नको. तो गळत होता, मला कळलं, झालं. मला त्या सकाळचं हवं आहे. तुम्ही चष्मा वर सरकवलात, मान कलती केलीत आणि बघितलंत, तेव्हा माझ्या मनगटावर त्याची बोटं तुम्हाला दिसली होती. एवढं म्हणा. परत घेऊन जायचं नव्हतं असं म्हणू नका, चुकलो म्हणू नका, फक्त दिसली होती असं म्हणा. तुम्ही पेपर वर कराल आणि म्हणाल, आधी नळ बंद करून ये. ते मला ठाऊक आहे. तरी एकदा म्हणा, आप्पा.